सोवळं, विहीर आणि अंतरपाट

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात यंदा दिलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. "या महिन्यात तुम्ही अर्धा तास बोला" असा फोन आला, तेव्हा मी आपला धंद्याप्रमाणे क्लाउड कंप्युटिंगवर बोलायची तयारी दाखवली. पलीकडून लगेच उत्तर आलं, "नको हो! आपले निम्मे सभासद आठवडाभर तेच करतात. तुम्ही मराठी ख्रिस्ती आहात ना, त्याबद्दल बोला. गणपतीत मांडव घालायला तुम्ही सगळ्यांच्या आधी हजर असता, नाताळात डबाभर करंज्या आणता, पण तुमच्या घरी देवाबद्दल काय बोलणं होतं ते आम्हाला काहीच ठाऊक नाही." मुद्दा बिनतोड होता. म्हणून आज उभा आहे.

आधीच सांगतो, मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. पुण्यात कंप्युटर इंजिनिअरिंग केलं, २०१४ साली इकडे आलो, आणि तेव्हापासून लोकांच्या डेटाबेसची दुखणी बरी करतो आहे. मूळ गाव अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. घरात रविवारी सकाळी पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं आणि दुपारी मटणाचा रस्सा, अशा वातावरणात वाढलो. तेव्हा आज जे बोलणार आहे ते एका सामान्य माणसाचं बोलणं आहे. कुणाला काही पटवून द्यायचं नाही. शेजाऱ्याला आपलं घर दाखवावं, तसं दाखवतो.

बोलायचं काय हे मात्र मघाशी चहाच्या वेळी ठरलं. पहिल्या रांगेत बसलेले काका मला म्हणाले, "एक सांग, तुमचा देव अतिपवित्र असं तुम्ही म्हणता. मग त्याच्याशी बाप-लेकासारख्या गप्पा कशा मारता? आमच्याकडे अंघोळ केल्याशिवाय देवघरात पाऊल टाकत नाहीत. देव पवित्र म्हटला की अंतर आलंच!"

काका, मी घरून चार पानं लिहून आणली होती. ती खिशातच ठेवतो आणि तुमचाच प्रश्न घेतो. कारण हा प्रश्न एकदा माझाही झाला होता, आणि तेव्हा तो चहाच्या वेळचा नव्हता. ते पुढे सांगेन.

'पवित्र' म्हटल्यावर आपल्या मराठी मनात पहिल्यांदा काय येतं? सोवळं. आजीचा धाबळीचा रंग, ओलेत्यानं भरलेलं पाणी, आणि "शिवू नकोस रे" ही हाक. यात प्रेम नव्हतं असं नाही. देवापुढे जाताना आपण जरा आवरून जावं ही भावना चांगलीच आहे. पण सोवळ्याच्या पोटात एक भीती असते. शुद्ध वस्तू नाजूक आहे, आणि कुणाचा तरी हात लागला की ती बिघडणार, ही ती भीती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. वाचताना हसू येतं, पण त्या घरातल्या माणसांचे काय हाल झाले असतील हे मनात आलं की हसू थांबतं. शुद्धता राखायची म्हणजे सतत पहारा द्यायचा. कुणी शिवलं, कुठे शिवलं, पुन्हा धुवा.

आता याच सोवळ्याची दुसरी बाजू सांगतो. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. गावच्या विहिरीत त्यांना पोहरा टाकता येत नसे. कुणी वरून पाणी ओतायचं, आणि हे खाली ओंजळ धरून प्यायचे. आजी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा, पण ती स्वतःच्या हातांची ओंजळ करून दाखवायची. ती ओंजळ मला अजून दिसते. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. पुढच्या काळात आमच्यासारखी अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली, त्यातली बरीचशी गावकुसाबाहेरची होती. तेव्हा 'पवित्र देव' हे शब्द पणजोबांनी प्रथम ऐकले असतील, तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल? पवित्र म्हणजे जे आपल्यापासून लांब ठेवलं जातं, आणि ज्याच्यापासून आपल्याला लांब ठेवलं जातं. त्या माणसाला पवित्र देवाचं कौतुक काय सांगायचं?

हे मी कुणाला टोचायला सांगत नाही. आमच्या चर्चमध्येही जुन्या जातींच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. सांगतो ते एवढ्यासाठी, की देवाचं पावित्र्य हा प्रश्न आमच्या घरी नुसता पुस्तकी नव्हता.

बायबलमधल्या हिब्रू भाषेत पवित्र याला 'कादोश' म्हणतात. त्याच्या मुळाशी वेगळेपणाचा अर्थ आहे, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. देव वेगळा आहे, आपल्यातलाच जरा मोठा असा कुणी नाही. पण गंमत पुढे आहे. हा वेगळा देव पहिल्यांदा मोशेला भेटतो तो कुठे? रानात, एका झुडपात. झुडूप पेटलेलं आहे पण जळून जात नाही. मोशेला सांगितलं जातं, पायातले जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे. चपला काढणं आपल्याला समजतं. पण झुडपाकडेही बघा! ज्या अग्नीनं डोंगर हादरावेत, तो एका साध्या झुडपात उतरतो आणि त्याचं एक पानही करपत नाही. आणि तिथून तो काय म्हणतो? माझ्या लोकांचा आक्रोश मी ऐकला आहे, त्यांना सोडवायला मी खाली आलो आहे. पावित्र्याची पहिली हालचाल खाली, माणसाच्या दिशेनं आहे.

पुढे वाळवंटात देव त्या लोकांना एक तंबू उभारायला सांगतो. मराठी बायबलमध्ये त्याला निवासमंडप म्हणतात. कशासाठी? तर मला त्यांच्यामध्ये राहता यावं म्हणून. लोक तंबूत राहत होते, मग देवाचाही तंबू, वस्तीच्या मधोमध. आत एक पवित्रस्थान, त्याच्याही आत परमपवित्रस्थान, आणि दोन्हींच्या मध्ये एक जाड विणलेला पडदा. त्या पडद्याच्या आत महायाजकानं वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी जायचं. बाकीच्यांनी नाही.

लहानपणी मला वाटायचं, हा पडदा म्हणजे देवाचं सोवळं. देवाला आपला विटाळ होऊ नये म्हणून लावलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल! पण लेवीयचं पुस्तक नीट वाचलं की उलटंच दिसतं. धोका देवाला नाही, माणसाला आहे. पडदा माणसाच्या रक्षणासाठी आहे. आणि देवाला दूरच राहायचं असतं, तर तो वस्तीत तंबू टाकून राहिलाच नसता.

जुन्या मराठी बायबलमध्ये या पडद्याला एक सुंदर शब्द आहे, 'अंतरपट'. आता हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. लग्नात आपण अंतरपाट धरतो. दोन बाजूंना दोघं उभे, मध्ये कापड, आणि मंगलाष्टकं चाललेली. तो अंतरपाट काय त्या दोघांना जन्मभर वेगळं ठेवायला धरलेला असतो? भेटीची वेळ अजून व्हायची आहे, म्हणून तो असतो. आणि धरतानाच सगळ्यांना माहीत असतं, की तो दूर होणार. हे डोक्यात ठेवा, शेवटी आपण इथेच यायचं आहे.

आता इ. स. पूर्व ५२० मधली एक छोटी गोष्ट. हाग्गय नावाचा संदेष्टा याजकांना एक कोडं घालतो. म्हणतो, कुणी वस्त्राच्या सोग्यात पवित्र मांस नेत असेल आणि तो सोगा भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणतात, नाही. बरं, प्रेताला शिवून अशुद्ध झालेला माणूस त्याच भाकरीला शिवला तर? याजक म्हणतात, अशुद्ध होते. म्हणजे विटाळ पसरतो, शुद्धता पसरत नाही. आपल्या ओळखीचाच नियम! एका मशीनवरचा व्हायरस दुसऱ्या मशीनवर आपणहून जातो, अँटिव्हायरस कधी असा गेलेला मी तरी पाहिला नाही. जगातलं सगळं सोवळं याच नियमावर उभं आहे.

आणि पाचएकशे वर्षांनी मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. नियमाप्रमाणे त्यानं वस्तीबाहेर राहायचं, आणि "अशुद्ध, अशुद्ध" असं ओरडत चालायचं. तो म्हणतो, तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकता. इथे क्रम काय आहे ते पाहा. येशू आधी हात पुढे करतो, त्याला स्पर्श करतो, मग म्हणतो, माझी इच्छा आहे, शुद्ध हो. आणि मग कोड जातं. म्हणजे स्पर्श झाला तेव्हा तो माणूस अजून अशुद्धच होता! किती वर्षांत त्याला कुणाचा हात लागला नसेल? तो बरा झाल्यावर हात लावणं सोपं होतं, ते कुणीही केलं असतं. हाग्गयचं कोडं इथे उलटलं. विटाळ देवाकडे गेला नाही, पावित्र्य माणसाकडे आलं.

त्याच प्रसंगाच्या शेवटी मार्कनं आणखी एक वाक्य लिहिलं आहे, ते पटकन नजरेतून सुटतं. त्या माणसानं ही बातमी इतकी पसरवली की येशूला उघडपणे गावात जाता येईना, त्याला बाहेर ओसाड जागी राहावं लागलं. बाहेरचा माणूस आत गेला आणि आतला बाहेर राहिला. जागांची अदलाबदल झाली. हेही लक्षात ठेवा.

तीच गोष्ट विहिरीवर. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत, आणि या बाईचं आयुष्यही लोकांनी नावं ठेवावीत असं. ती स्वतःच चकित होते, की तुम्ही माझ्याकडे पाणी कसं मागता? ही गोष्ट आजी मला सांगायची, आणि सांगताना तिच्या हातांची ओंजळ व्हायची. आमच्या पणजोबांसाठी सगळं ख्रिस्ती धर्मशास्त्र बहुधा या एका प्रसंगात होतं. सर्वात पवित्र असा जो कोणी आहे, तो विहिरीवर येतो, आणि बाटलेल्या म्हटलेल्या हातचं पाणी मागतो.

आणि योगायोग पाहा. याच प्रसंगानं आणखी एका मराठी व्यक्तीचं आयुष्य बदललं, आणि ती अगदी दुसऱ्या टोकाची. पंडिता रमाबाई! शास्त्रीबुवांची मुलगी, संस्कृत मुखोद्गत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ज्या भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजानं टाकलेल्या, 'पतित' म्हटल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा तिथे चाले. अशा स्त्रियांना कुणी जवळ घेतं, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना ही शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपली कहाणी लिहिली, त्यात हे सगळं आहे. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं केलं. म्हणजे सोवळ्याच्या आतून आलेली एक विदुषी आणि सोवळ्याच्या बाहेर ठेवलेला एक अडाणी माणूस, दोघं एकाच विहिरीवर भेटले.

इथपर्यंत सगळं गोड आहे. इथेच थांबलो असतो तर भाषण छान झालं असतं. पण मग कुणी म्हणेल, "म्हणजे देव सगळ्यांना जवळ घेतो, काहीही केलं तरी चालतं. मग पावित्र्य राहिलं कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. आणि इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगायची की नाही यावर घरी बरीच चर्चा झाली. बायको म्हणाली, सांगणार नसशील तर त्या विषयावर बोलूच नकोस.

२०१९ सालची गोष्ट. एका क्लाएंटकडे शनिवारी रात्री रिलीज होता. पुण्याच्या टीममधला एक मुलगा नाइट शिफ्टला होता, जेमतेम दोन वर्षांचा अनुभव. मी त्याला एक स्क्रिप्ट पाठवली आणि म्हटलं, ही रन कर. त्यानं रन केली. स्क्रिप्टमध्ये टेस्टच्या जागी प्रॉडक्शनच्या डेटाबेसचं नाव राहून गेलं होतं. ते मी लिहिलं होतं. त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी उडाल्या. बॅकअपवरून परत आणायला दोन दिवस लागले. सोमवारी सकाळी कॉलवर वरिष्ठांनी विचारलं, "स्क्रिप्ट कुणी रन केली?" मी म्हटलं, "ऑफशोअर टीमनं."

वाक्य खोटं नव्हतं. आजही मला त्याचीच जास्त लाज वाटते. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही बोललो नाही. त्या आठवड्यात त्या मुलाला प्रोजेक्टवरून काढलं. मला मात्र दोन दिवस जागून डेटा परत आणल्याबद्दल शाबासकीची ईमेल आली.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले असलेलं तबक बाकाबाकांवरून फिरतं. घेण्याआधी प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करायची. त्या महिन्यात तबक माझ्याकडे आलं, आणि मी ते तसंच बायकोकडे सरकवलं. पोट बिघडलंय म्हणालो. पुढच्या महिन्यात मुलीला बाहेर घेऊन गेलो. असे सात महिने गेले. प्रार्थना बंद पडली होती. म्हणजे शब्द म्हणत होतो, पण फोन उचलून पलीकडच्याशी बोलायचं टाळावं, तसं. आणि मनाला काय सांगत होतो? देव पवित्र आहे, मी मलीन आहे, म्हणून मी लांब राहतो. किती नम्र वाटतं ना! पण ते सोवळं नव्हतं. मी लपत होतो. बायबलच्या अगदी सुरुवातीला, एदेन बागेत, झाडांआड लपतो तो आदाम. देव तर "तू कुठे आहेस" म्हणून हाक मारत फिरतो आहे.

त्या दिवसांत मला यशयाचा सहावा अध्याय वाचवत नसे. उज्जीया राजा वारला त्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ७४० च्या सुमारास, यशयाला मंदिरात देवाचं दर्शन होतं. सराफीम नावाचे देवदूत तीन वेळा 'पवित्र' असा घोष करतात, उंबरठे हादरतात, मंदिर धुरानं भरतं. यशया म्हणतो, मी मेलो! माझे ओठ अशुद्ध आहेत. ओठच का? तर त्याचं काम बोलण्याचं होतं. माणूस जिथे वापरला जातो तिथेच मळतो. माझाही गुन्हा ओठांचाच होता, दोन शब्दांचा. पुढे काय होतं? यशयाला बाहेर काढत नाहीत. आणि "असू दे, सगळेच असं बोलतात" असंही कुणी म्हणत नाही. एक देवदूत वेदीवरचा निखारा चिमट्यानं उचलतो आणि त्याच्या ओठांना लावतो. पाप झाकलं जात नाही, जाळलं जातं, आणि माणूस उरतो. ते पेटलेलं झुडूप आठवा.

मला जो देव हवा होता तो "चालतं रे" म्हणणारा. पण विचार करा, देव असं म्हणाला असता, तर त्या पुण्याच्या मुलाचं काय? त्याच्यावर झालेला अन्याय देवानंही गालिच्याखाली सरकवला असता, आणि मग माझं आणि देवाचं नातं म्हणजे दोन चोरांची भागीदारी झाली असती. देव पवित्र आहे म्हणूनच तो त्या मुलाच्या बाजूनं उभा होता. आणि पवित्र आहे म्हणूनच मला सोडत नव्हता. सात महिने जे मला टोचत होतं, ते देवाचं दूर ढकलणं आहे असं मी समजत होतो. ती हाक होती.

पण 'चालतं' म्हणायचं नाही आणि 'चालता हो' असंही म्हणायचं नाही, मग तिसरं काय? याचं उत्तर होशेय नावाच्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात सापडतं. तिथे देव बापासारखा बोलतो. या लेकराला मी हाताला धरून चालायला शिकवलं, आणि ते माझ्याकडेच पाठ फिरवून गेलं. राग येतो, शिक्षेची भाषा होते, आणि मग बापाचं मन पालटतं. मी त्याचा नाश करणार नाही, असं तो ठरवतो. कारण काय देतो? आपल्याला वाटेल, 'कारण मी दयाळू आहे' असं म्हणेल. तसं नाही. कारण मी देव आहे, माणूस नाही, तुमच्यामध्ये असलेला पवित्र असा मी आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. हे मी जेव्हा नीट वाचलं, तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आपण माणसं अपमान झाला की डूख धरतो, हिशेब ठेवतो. देवाचं वेगळेपण, त्याचं कादोशपण, नेमकं इथे आहे. पावित्र्य आडवं आलं म्हणून क्षमा अडली, असं नाही. तो पवित्र आहे म्हणून क्षमा शक्य झाली.

आणि या क्षमेची किंमत कुणी भरली? ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर क्रूसावर आहे. कुष्ठरोग्याच्या गोष्टीतली ती अदलाबदल इथे पूर्ण होते. येशूला शहराच्या वेशीबाहेर नेऊन मारतात. अशुद्धांची जी जागा, तिथे तो पवित्र जाऊन उभा राहतो. पाप गंभीर आहे हे लपवलं जात नाही, आणि त्याचं ओझं पापी माणसाच्या डोक्यावरही ठेवलं जात नाही. देव ते स्वतः उचलतो. आणि त्या क्षणी, मार्क लिहितो, मंदिरातला तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून! माणसानं फाडला असता तर खालून फाडला असता. सगळी मंगलाष्टकं संपली होती, अंतरपाट दूर झाला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पुढे म्हटलं आहे, की आता धीरानं आत या. परमपवित्रस्थान साधं झालं म्हणून हा धीर नाही. ते तितकंच पवित्र आहे, आणि तरी आता दार उघडं आहे.

आता माझी गोष्ट पुरी करतो. सातव्या महिन्यात एका रात्री योहानाचं पहिलं पत्र वाचत होतो. त्यात म्हटलं आहे, की देव प्रकाश आहे, त्याच्यात अंधार मुळीच नाही. आपण प्रकाशात चाललो तर... आता माझी अपेक्षा होती, की पुढे 'देवाशी आपली सहभागिता होते' असं असेल. तसं नाही! आपली एकमेकांशी सहभागिता होते, असं आहे, आणि येशूचं रक्त आपल्याला शुद्ध करतं. सहभागिता याला मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया', म्हणजे सामाईक असणं, वाटेकरी असणं. आणि प्रकाशात चालणं म्हणजे डाग नसणं नव्हे, कारण लगेच पुढे लिहिलं आहे की आम्ही निष्पाप आहोत असं म्हणाल तर स्वतःलाच फसवाल. प्रकाशात चालणं म्हणजे डाग दिसू देणं.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सगळं लिहून पाठवलं. लीडचं काम माझ्याकडून गेलं, ते योग्यच होतं. मग पुण्याला फोन लावला. तो मुलगा तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत लागला होता. मी सांगत गेलो. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, मला माहीत होतं. मी त्याच रात्री लॉग बघितला होता."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं?"

मंडळी, ते वाक्य ऐकलं आणि मला आजीची ओंजळ आठवली. खाली ओंजळ धरणाऱ्याचा पणतू मी. आणि या वेळी विहिरीच्या काठावर, वरच्या बाजूला, मी उभा होतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही. माफ केलं वगैरे तो म्हणाला नाही, मीही मागून घेतलं नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." पुढच्या पहिल्या रविवारी तबक आलं, आणि मी भाकरी घेतली. हात थोडे थरथरत होते. मी लायक झालो होतो म्हणून घेतली नाही. लपणं संपलं होतं, म्हणून घेतली.

तर काका, तुमचा प्रश्न. अंघोळ करून देवघरात जावं हे चुकीचं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, माझी आईसुद्धा तोंड धुतल्याशिवाय बायबल हातात घेऊ देत नसे. पण आमच्या श्रद्धेत क्रम वेगळा आहे. आधी शुद्ध व्हा आणि मग जवळ या, असा तो नाही. देव आधी जवळ येतो, हात लावतो, आणि त्या हातानं माणूस शुद्ध होतो. कधी तो हात थंड पाण्यासारखा लागतो, कधी निखाऱ्यासारखा. हे त्याला जमतं, कारण तो पवित्र आहे आणि आपल्या स्पर्शानं बाटत नाही. आपल्याला मात्र एक करावं लागतं. झाडाआडून बाहेर यावं लागतं.

बाप-लेकासारख्या गप्पा कशा मारता, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगायचं तर लपवायचं काही उरलं नाही की गप्पा आपोआप सुरू होतात. घरीसुद्धा असंच असतं, नाही का?

अर्धा तास कधीच होऊन गेला आहे, आणि मागे काकू घड्याळ दाखवत आहेत. बटाटेवडे गार व्हायच्या आत थांबतो.